गाडीला काय दिसतं, काय दिसत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी गाडी घेऊन महिना झाला. ताब्यात देताना सेल्समनने पंधरा मिनिटांत सगळी बटणं दाखवली, त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. आता स्टिअरिंग मधूनच हाताला ओढ देतं, कसले कसले बीप वाजतात आणि परवा तर समोर काही नसताना गाडीने आपणहून ब्रेक मारला. यातलं काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं आणि भरवसा कितपत ठेवायचा?

गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सची तपासणी आणि कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचे कोन अचूक जुळवणं, हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. तुमच्या तिन्ही तक्रारींत बिघाड असेलच असं नाही, हे आधीच सांगतो. पण गाडी कुठल्या डोळ्याने बघते हे कळल्याशिवाय तिच्या वागण्याचा उलगडा होणार नाही.

गाडीतल्या सुरक्षेच्या यंत्रणांच्या दोन जमाती आहेत. एक मुकी. सीटबेल्ट, एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) ही त्यातली मंडळी. वर्षानुवर्षं त्यांची आठवणही होत नाही. दुसरी बडबडी: गाडीला लेनमध्ये ठेवणारं लेन असिस्ट, वेग आपोआप सांभाळणारं क्रूझ, आरशात न दिसणाऱ्या जागेतली गाडी दाखवणारा ब्लाइंड स्पॉटचा इशारा, पार्किंगचे बीप. लोक मला विचारतात ते दुसरीबद्दल, जाहिरातीही तिच्याच असतात. जीव वाचवायची वेळ येते तेव्हा भार बहुतेक वेळा पहिलीवर पडतो. म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

तीन ठिकाणी अडकणारा पट्टा 1959 मध्ये व्होल्वोच्या नील्स बोहलिन या अभियंत्याने आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांना वापरायला मोकळं ठेवलं. तुमच्या गाडीतला पट्टा दिसायला तसाच असला तरी आतून बराच शहाणा झाला आहे. धडक बसली की रिळाशेजारची छोटीशी स्फोटक नळी उडते आणि पट्ट्यातली ढील क्षणात आत खेचली जाते. मग तोच पट्टा छातीवरचा भार ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून मोजूनमापून थोडा सैल सुटतो. आधी आवळायचं, मग बेताने सोडायचं. हा खेळ जमायला पट्टा नीट लावलेला हवा. खालची पट्टी पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवी. वरची खांद्याच्या मधोमध हवी, काखेतून नाही. अंगात जाड जॅकेट असेल तर पट्टा घट्ट वाटतो, पण खाली चार बोटं ढील असते.

एअरबॅग धडकेनंतर साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायला याच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो. फुगताक्षणी ती मागच्या भोकांतून रिकामी व्हायला लागते, कारण डोकं टेकेल तेव्हा ती मऊ पडत असायला हवी. तुम्ही स्टिअरिंगला चिकटून बसत असाल तर ती फुगतानाच अंगावर येते आणि तो तडाखा भयंकर असतो. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा. वर बाराच्या जागी ठेवलेला हात तुमच्याच तोंडावर फेकला जातो. शेजारी बसणाऱ्याने डॅशबोर्डवर पाय टाकून बसायचं नाही. पाठमोरं बसवायचं बाळाचं सीट चालू एअरबॅगच्या पुढ्यात कधीच ठेवायचं नाही, एक मिनिटही नाही.

बीप बंद व्हावा म्हणून बकलमध्ये अडकवायची रिकामी क्लिप मिळते. तपासणीला आलेल्या गाड्यांत ती दिसली की मी काढून मालकाच्या हातात ठेवतो. क्लिप बसली की कंट्रोल युनिटला वाटतं माणसाने पट्टा लावलाय, आणि काही गाड्यांत एअरबॅग किती जोराच्या धडकेला उघडायची हे त्यावरूनच ठरतं. एअरबॅगच्या जागी लिहिलेल्या एसआरएस या अक्षरांतल्या पहिल्या अक्षराचा अर्थच 'पूरक' असा आहे. पट्टा नसेल तर एअरबॅग पूरक कशाला होणार?

आता ब्रेक. चाकं जाम झाली की टायर घसरतो आणि घसरत्या टायरला दिशा राहत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग मोजतं आणि चाक जाम व्हायला लागलं की त्या चाकाचा ब्रेक सेकंदात कित्येक वेळा सोडतं-धरतं. बॉशने बनवलेली ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. लोकांचा समज असतो की एबीएसमुळे गाडी कमी अंतरात थांबते. ओल्या डांबरी रस्त्यावर बहुधा थांबतेही. पण सुट्या खडीवर किंवा ताज्या बर्फावर जाम चाकं पुढ्यात ढीग करून जितकी लवकर थांबतात, त्यापेक्षा एबीएसला जास्त अंतर लागू शकतं. त्याची खरी देणगी वेगळी आहे: पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते.

एक गृहस्थ 'ब्रेक पेडल तुटायला आलंय' अशी तक्रार घेऊन आले होते. आमच्या मागच्या रिकाम्या आवारात पाणी मारून ठेवलं होतं. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, चाळीसच्या वेगावरून जीव खाऊन दाबा. त्यांनी दाबलं, पेडल पायाखाली खडखड धडधडलं आणि त्यांनी चटका बसल्यासारखा पाय उचलला. "हेच! हेच होतं!" म्हणाले. गाडीत काहीच बिघाड नव्हता. बिघाड त्या उचललेल्या पायात होता. पुढची चार वेळा पाय दाबून धरायचा आणि धरलेला असतानाच एका शंकूला वळसा घालायचा, एवढंच करायला लावलं. चौथ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेली. तुम्हीही कुठेतरी मोकळी, सुरक्षित जागा पाहून हे एकदा कराच. पेडलची ती थरथर पायाला आधी माहीत असायला हवी; अपघाताच्या क्षणी तिची पहिली ओळख नको.

त्याच्याच जोडीला ब्रेक असिस्ट असतं. माणूस घाबरला की पेडल पटकन दाबतो, पण पुरेसं जोरात दाबत नाही. यंत्रणा पेडल किती झपाट्याने खाली गेलं ते पाहते आणि उरलेला जोर स्वतः लावते.

ईएससी हा माझा सगळ्यात लाडका. स्टिअरिंगचा सेन्सर सांगतो, चालकाला कुठे जायचंय. दुसरा सेन्सर सांगतो, गाडी स्वतःभोवती खरोखर किती वळतेय. दोघांचं जमेनासं झालं की ईएससी एकाच चाकाचा ब्रेक लावून गाडी जागेवर आणतं. पुढची चाकं घसरून गाडी वळणाबाहेर निघाली तर आतलं मागचं चाक धरायचं. मागची बाजू बाहेर फेकली गेली तर बाहेरचं पुढचं. जगातला कितीही कसलेला चालक असो, त्याच्या पायाखाली चार वेगळे ब्रेक नसतात. हे तंत्र 1995 मध्ये महागड्या गाड्यांत आलं. 1997 मध्ये स्वीडनमध्ये, अचानक आडव्या आलेल्या मूस हरणाला चुकवण्यासारखी चाचणी घेताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. केवढा गाजावाजा झाला! कंपनीने मग त्या छोट्या गाडीवरच ईएससी सरसकट बसवलं आणि हे काम मोठ्या गाड्यांपुरतं नाही हे सगळ्यांना दिसलं. युरोपीय संघात नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं आहे.

घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला तर ईएससी काम करतंय असं समजा आणि वेग कमी करा. तो तसाच जळत राहिला तर ईएससी बंद आहे किंवा नादुरुस्त. त्याचं बटण फक्त एका कामाचं: चिखलात, वाळूत किंवा बर्फात रुतलेली गाडी चाकं फिरवून बाहेर काढायला. बाहेर आलात की लगेच पुन्हा चालू करा.

या सगळ्या यंत्रणा शेवटी चार टायरच्या तळहाताएवढ्या चार ठिगळांवर काम करतात. रस्ता आणि टायर जेवढी पकड देतात तेवढीच त्या वाटून घेऊ शकतात, वाढवू शकत नाहीत. एक हिशेब करून बघा. शंभराच्या वेगाने जाणारी गाडी जिथे थांबते, नेमक्या त्याच जागी एकशेवीसने जाणारी, त्याच क्षणी तेवढाच ब्रेक लावलेली गाडी अजून तासाला 66 किलोमीटर वेगात असते. वेगाचा वर्ग ऊर्जेत जातो, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

टायरवरून आठवलं, हवेचा दाब सांगणाऱ्या दिव्याचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि खरा दाब कळतो. दुसऱ्यात सेन्सर नसतोच. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जरा जास्त वेगाने फिरतं आणि एबीएसच्या आकड्यांवरून गाडी ते ताडते. चारही टायरमधली हवा महिनोन्‌महिने सारखीच उतरत गेली तर या दुसऱ्या प्रकाराला पत्ताही लागत नाही. तुमच्याकडे कुठला आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा आणि हवा भरल्यावर रीसेट करायचं विसरू नका.

आता बडबडी जमात, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा, ज्यांना हल्ली सगळे एडास म्हणतात. यात तीन प्रकारचे डोळे आहेत. आरशामागे काचेला चिकटलेला कॅमेरा, पुढच्या जाळीत किंवा बंपरमागे बसलेलं रडार आणि बंपरवर दिसणारे नाण्याएवढे अल्ट्रासॉनिक सेन्सर. कॅमेऱ्याला आकार कळतो: हा माणूस, ही सायकल, ही पांढरी रेघ. पण समोर मावळतीचं ऊन, धुकं, मळलेली काच किंवा पुसट रेघा असल्या की तो आंधळा होतो. रडारला अंतर आणि वेग चोख कळतो, अंधारात आणि पावसातही. समोर आहे ते काय आहे, हे मात्र त्याला नीटसं कळत नाही. अल्ट्रासॉनिकची नजर जेमतेम काही मीटरची आणि वेग अगदी कमी असतानाची. बारीक खांब त्याच्या नजरेतून सुटू शकतो.

तुमच्या भुताटकीच्या ब्रेकचं उत्तर इथेच आहे. रडारला रस्त्यावर हजारो थांबलेल्या वस्तू दिसतात: पाट्या, कठडे, पुलाचे गर्डर, रस्त्यातली लोखंडी झाकणं. प्रत्येकीला ब्रेक मारत बसलं तर गाडी चालणारच नाही. म्हणून यंत्रणा सारखा अंदाज बांधत असते: ही वस्तू माझ्या वाटेत आहे की बाजूला? वळणावर कडेला उभी असलेली गाडी क्षणभर अगदी नाकासमोर येते. पुलाखालची काळी सावली कॅमेऱ्याला अडथळा वाटू शकते. अंदाज चुकला की ब्रेक लागतो. असं झालं तर ॲक्सिलरेटर ठामपणे दाबा. बहुतेक गाड्यांत तुमचा पाय यंत्रणेवर मात करतो.

याच अंदाजाची दुसरी चूक मात्र फार घातक आहे. वेगात असताना थांबलेली वस्तू 'रस्त्याकडेची असेल' म्हणून सोडून दिली जाऊ शकते. प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही ॲडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारं क्रूझ, लावून शंभरने निघाला आहात. पुढची गाडीही शंभरने, गाडीने तिला धरून ठेवलंय. अचानक ती शेजारच्या लेनमध्ये जाते. तिच्या जागी बंद पडलेला ट्रक. तुमच्या यंत्रणेच्या दृष्टीने समोरची गाडी गेली, रस्ता मोकळा झाला. ती ठरवलेला वेग गाठायला गाडीला जोरही देऊ शकते. ट्रक तिने आधी चालताना पाहिलेलाच नाही. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये थांबलेल्या वाहनांबद्दलचा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो. ते एक पान तेवढं वाचा, बाकीचं मॅन्युअल नाही वाचलंत तरी चालेल. आणि क्रूझमध्ये पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात जास्त ठेवा. शंभरच्या वेगाला दोन सेकंद म्हणजे 55 मीटर. मधे कोणी घुसतं म्हणून लोक ते कमी करतात. घुसू द्या.

आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक ही वेगळी गोष्ट, तो क्रूझ बंद असतानाही जागा असतो. तो टक्कर टाळेलच असं धरू नका, पण साठचा वेग तीसवर आणला तरी धडकेची ऊर्जा चौथाई होते. कमी वेगात, दिवसा, सरळ मागून जाताना त्याचं काम उत्तम. रात्री अंधारातला पादचारी, आडवा येणारा दुचाकीस्वार, तिरपं उभं राहिलेलं वाहन या त्याच्यासाठी अवघड परीक्षा आहेत. अजून एक बारकावा फारसा कोणी सांगत नाही: तुम्ही त्याच क्षणी स्टिअरिंग जोरात फिरवलंत किंवा ॲक्सिलरेटर दाबलात, तर बऱ्याच गाड्या 'चालक काहीतरी करतोय' असं मानून माघार घेतात. घाबरून चुकीचं पेडल दाबणाऱ्याला तो वाचवेलच असं नाही.

स्टिअरिंग ओढ देतं म्हणालात. मला एक सांगा, लेन बदलताना तुम्ही इंडिकेटर देता का? 'स्टिअरिंगमध्ये दोष आहे' म्हणून येणाऱ्या गाड्यांत हेच सर्वांत जास्त वेळा निघतं. इंडिकेटर दिला की यंत्रणेला कळतं की तुम्ही मुद्दाम रेघ ओलांडताय आणि ती गप्प बसते. नाही दिला तर तिला वाटतं तुमचा डोळा लागला. दुसरं कारण म्हणजे दुरुस्ती चालू असलेला रस्ता: जुन्या रेघा नीट पुसलेल्या नसतात, नव्या तिरप्या मारलेल्या असतात आणि कॅमेरा चुकीची रेघ धरतो. अशा ठिकाणी लेन असिस्ट सरळ बंद करा, त्यात कमीपणा नाही. गाडी पुन्हा सुरू केली की ते आपोआप चालू झालेलं दिसेल. अनेक गाड्यांत ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

'हात स्टिअरिंगवर ठेवा' हा इशारा हात ठेवलेला असतानाही येतो ना? बऱ्याच गाड्यांत हात ओळखणारा सेन्सर स्पर्श मोजत नाही, स्टिअरिंगवरचा पीळ मोजतो. नुसता हात टेकवून उपयोग नाही, किंचित हलवावं लागतं. त्याला फसवायला स्टिअरिंगला वजन लटकवणारेही पाहिलेत. वाहनांच्या स्वयंचालनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानल्या जातात आणि वेग व दिशा दोन्ही सांभाळणारी तुमच्यासारखी गाडी दुसऱ्या पायरीवर आहे. या पायरीवर पूर्ण वेळ चालक तुम्हीच.

माझं मत विचाराल तर मला कायम चुकणाऱ्या यंत्रणेची भीती वाटत नाही, तिला माणूस बंद करून टाकतो. भीती वाटते ती शंभरातल्या नव्याण्णव वेळा बिनचूक चालणारीची. नव्याण्णव वेळा काही न करता नुसतं लक्ष ठेवणं माणसाला जमत नाही, पहारेकऱ्यालाही डुलकी लागते. म्हणून लांबच्या प्रवासात मी स्वतः क्रूझ वापरतो, पण स्टिअरिंग मात्र स्वतःच धरतो. पायाला आराम, डोळ्याला नाही.

ब्लाइंड स्पॉटचा आरशातला दिवा उत्तम, चालूच ठेवा. त्याचं रडार बहुधा मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतं, तिथे जाड स्टिकर किंवा पुट्टीचा थर नको. आपोआप वर-खाली होणारे हेडलाइट, वेगमर्यादेच्या पाट्या वाचणं, कॉफीच्या कपाचं चित्र दाखवून विश्रांती सुचवणं या सोयी आहेत, आवडल्या तर ठेवा.

आता काचेबद्दल, कारण माझं निम्मं पोट त्यावर चालतं. कॅमेरा एका अंशाने जरी कलला तरी शंभर मीटरवर तो पावणेदोन मीटर चुकतो, म्हणजे अर्धी लेन. मागे एक गाडी आली, सरळ रस्त्यावर सतत डावीकडची रेघ पकडून चालायची. विचारत विचारत गेलो तेव्हा कळलं, महिन्यापूर्वी दगड लागून पुढची काच बदलली होती, कॅलिब्रेशन केलं नव्हतं. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही! कॅमेऱ्याला आपण कललोय हे कळलंच नव्हतं. सपाट फरशीवर गाडी उभी केली, डिकी रिकामी केली, टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढी भरली, गाडीचा मध्य दोरी धरून काढला आणि मोजलेल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा फलक ठेवला. मांडामांडीला तासभर गेला, कॅलिब्रेशन दहा मिनिटांत झालं. काच बदलली, पुढचा बंपर काढून बसवला, सस्पेन्शनची उंची बदलली किंवा चाकांचं अलाइनमेंट बरंच हललं, तर कॅलिब्रेशन लागतं का हे विचाराच. बंपरला लागलेला साधा धक्काही रडारची पट्टी वाकवू शकतो, वरून रंग जसाच्या तसा असला तरी.

तर तुमच्या गाडीपुरतं असं करा. ईएससी, आणीबाणीचा ब्रेक आणि ब्लाइंड स्पॉट कायम चालू. लेन असिस्ट मोठ्या, स्पष्ट रेघांच्या रस्त्यावर चालू, अरुंद आणि खोदलेल्या रस्त्यावर बंद. क्रूझ मुसळधार पावसात आणि वळणावळणाच्या रस्त्यावर नको. धडकेच्या इशाऱ्याची संवेदनशीलता 'मध्यम' ठेवून महिनाभर बघा. 'उशिरा' वर टाकायची घाई नको.

परवाच्या ब्रेकसाठी आधी आरशामागची काच आतून-बाहेरून पुसा आणि डॅशकॅम किंवा स्टिकर कॅमेऱ्याच्या समोर आलाय का ते बघा. पुन्हा घडलं तर जागा, वेळ, ऊन कुठल्या बाजूला होतं आणि कडेला काय उभं होतं एवढं लिहून ठेवा. त्याच जागी परत घडत असेल तर ती जागाच कारण आहे. वेगवेगळ्या जागी घडत असेल तर गाडी घेऊन जा आणि नुसते फॉल्ट कोड (गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाडाचे कोड) न वाचता कॅमेरा आणि रडार दोन्हीचे कोन तपासायला सांगा. वरच्या काचवाल्या गाडीसारखा, फॉल्ट कोड नसतानाही कोन चुकलेला असू शकतो.